एवढंच करता?

डिझाइनच्या धंद्यात कुणी नवं ऑफिस थाटलं की पहिल्या कंपनी प्रोफाइलमध्ये एक यादी येतेच. लोगो, पॅकेजिंग, वेबसाइट, सोशल मीडिया, कॉर्पोरेट फिल्म, प्रदर्शनाचे स्टॉल, वार्षिक अहवाल, आणि एवढं करून कुणी हातचं सुटू नये म्हणून शेवटी ‘इत्यादी’. यादीतली निम्मी कामं त्या ऑफिसात कुणी केलेली नसतात. तरीही ती छापायची, कारण दारात आलेलं गिऱ्हाईक ‘हे तुमच्याकडे होत नाही का?’ म्हणत परत गेलं तर महिन्याचं भाडं कुठून द्यायचं?

ही भीती मी जवळून पाहिली आहे. मी मराठी कॉपी लिहिते. म्हणजे बहुतेक वेळा इंग्रजीत मंजूर होऊन आलेली जाहिरात शेवटच्या दोन दिवसांत मराठीत आणून देते. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच स्टुडिओंत माझं येणं-जाणं असतं आणि बहुतेकांची कथा सारखीच असते. हुशार पोरं, चांगलं काम, रात्री अकराची जेवणं आणि दर कामाला श्रीगणेशा. या महिन्यात हॉस्पिटलची वेबसाइट, पुढच्या महिन्यात फरसाणाची पाकिटं, त्यानंतर कुठल्याशा बिल्डरचं ब्रोशर. प्रत्येक वेळी नवं शिकायला मिळतं, हे खरंच आहे. पण हॉस्पिटलच्या कामात जे कळलं ते फरसाणाच्या पाकिटाला लागू होत नाही. वर्षभराने दुसरं हॉस्पिटल येतं तेव्हा ते काम केलेली मुलगी नोकरी सोडून गेलेली असते.

माझी एक मैत्रीण या चाकोरीतून बाहेर पडली. तिने चार-पाच जणांना घेऊन असं ऑफिस काढलं की जिथे फक्त देवनागरी अक्षरांचं काम होतं. फाँट बनवणं, लोगोतली अक्षरं काढणं, इंग्रजी ब्रँडला मराठी-हिंदी रूप देणं. पोस्टर नाही, वेबसाइट नाही, रील तर नाहीच. तिच्या सासऱ्यांपासून बँकेतल्या कर्जवाल्यापर्यंत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: एवढंच करता?

त्या टीमची पहिली मीटिंग पाहिली तेव्हा मला फरक कळला. काम एका दुधाच्या पिशवीचं होतं आणि मजकूर माझा होता. एरवी अशा मीटिंगमध्ये अर्धा तास ‘फील’ या विषयावर जातो. फील ताजा हवा, घरगुती हवा, पण मॉडर्नही हवा. इथे पहिला प्रश्न आला, ‘पिशवी छापणार कशी? फ्लेक्सो ना?’ समोरचा ब्रँड मॅनेजर गडबडला. त्याने खालच्या कुणाला तरी फोन लावला. हो, फ्लेक्सोच, म्हणजे लवचिक साच्याने होणारी छपाई. मग मैत्रिणीच्या टीममधल्या सगळ्यात लहान मुलाने शांतपणे सांगितलं की पातळ प्लॅस्टिकवर फ्लेक्सोची शाई जरा पसरते, त्यामुळे ‘ष’ आणि ‘क्ष’च्या पोटातल्या फटी बुजतात, तर अक्षरं आधीच थोडी मोकळी काढावी लागतील. ‘आणि तुमच्या पिशवीवर सगळ्यात त्रासदायक शब्द आहे स्निग्धांश. तो आम्ही सगळ्यात आधी काढू.’

मी तो शब्द शेकडो वेळा लिहिला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ‘स्नि’मधली पहिली वेलांटी अर्ध्या स आणि न या दोघांच्याही डोक्यावरून जाऊन न च्या काठीला भिडायला हवी. कामचलाऊ फाँटमध्ये तिची कमान आखूड पडते आणि मध्येच हवेत लोंबकळते. चांगल्या फाँटमध्ये या एका वेलांटीच्या कमी-जास्त रुंदीच्या कितीतरी आवृत्त्या काढून ठेवलेल्या असतात आणि पुढच्या अक्षराच्या मापाप्रमाणे त्यातली योग्य ती आपोआप बसते. त्यापुढे ‘ग्धां’, म्हणजे जोडाक्षर, काना आणि वर अनुस्वार. अनुस्वाराचा ठिपका नेमका कुठे ठेवायचा, कान्याच्या डोक्यावर की किंचित अलीकडे, यावर त्या टीममध्ये आधी केव्हातरी भांडण होऊन निर्णय झालेला होता. तो निर्णय आता या पिशवीवर फुकट मिळत होता.

सर्जनशील टीमने एकच प्रांत धरून ठेवण्यातला फायदा मला इथे दिसला. माणसं तर कुठेही शिकतात, पण त्यांचं शिकणं ऑफिसात मागे राहील याची खात्री नसते. इथे ते राहतं. मैत्रिणीच्या ऑफिसात एक साधी फाइल आहे, तिला ते ‘खडूस शब्द’ म्हणतात. राष्ट्रीय, वाङ्मय, उत्कृष्ट, स्त्रियांनी, कीर्तीं, ब्राह्मण, शृंखला. कुठलंही नवं अक्षररूप काढलं की आधी या शब्दांतून जायचं. त्यातच दर्या आणि दऱ्या ही जोडी आहे: रफार आणि मराठीचा तो आडवा र दोन्ही धड उमटतात का, हे एका ओळीत कळतं. प्रत्येक कामातून एखाद-दुसरा खडूस शब्द फाइलीत पडतो. ज्या मुलीने ‘वाङ्मय’ घातला ती आता तिथे नाही, पण तिचा ‘वाङ्मय’ आहे.

आपल्याकडे हे काही नव्याने निघालेलं शहाणपण नाही. जावजी दादाजी चौधरींचं उदाहरण पाहा. १८३९ साली मुंबईत जन्मलेला गरीब घरातला मुलगा पोरवयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, घासायच्या कामाला लागला. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळ्यांवर काम करत होते. जावजी ती विद्या तिथे शिकले, पुढे आणखी छापखान्यांत राबले आणि १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. छापखाना आला त्यानंतर, १८६९ मध्ये. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचा ‘निर्णयसागर’ आधी अक्षरांचा कारखाना होता आणि मग पुस्तकांचा. सोबतीला राणोजी रावजी आरू होते, त्यांचा हात अक्षर कोरण्यात बसलेला. पुढे संस्कृत ग्रंथांचं काम वाढलं तेव्हा काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेवशास्त्री पणशीकर असे संपादक-शास्त्री त्यांच्याशी जोडले गेले.

आज आपण ज्याला क्रिएटिव्ह टीम म्हणतो ती काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीत अशी तयार झाली होती: खिळा कोरणारा, ओतणारा, जुळवणारा आणि पाठ तपासणारा. एकाच छताखाली, एकाच प्रकारच्या कामावर, वर्षानुवर्षं. संस्कृतची लांबलचक जोडाक्षरं आली की जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, अडणार, मग नवा खिळा लागणार, तो कोरणारा घरचाच. शास्त्रीबुवांना पाठ चुकीचा वाटला तर जुळारी हाकेच्या अंतरावर. देवनागरी जुळवायची तर इंग्रजीच्या कितीतरी पट, शेकडो प्रकारचे खिळे लागत. हा पसारा सांभाळणं एखाद्या ‘सगळं छापून मिळेल’ छापखान्याला परवडणारं नव्हतं. निर्णयसागरचं नाव देशभर झालं ते संस्कृत ग्रंथांच्या देखण्या आणि शुद्ध छपाईसाठी. लग्नपत्रिका त्यांनी छापल्याच नसतील असं मी म्हणत नाही. पण लोक त्यांच्याकडे कशासाठी येत हे ठरलेलं होतं.

यातली गंमत अशी की प्रांत अरुंद असला तरी त्यात शिरणारी माणसं एकसारखी नसतात. उलट वेगवेगळ्या तऱ्हेची माणसं एकाच प्रश्नावर टेकवता येतात. मैत्रिणीच्या टीममध्ये एक जे.जे.तला, एक संगणक शिकलेली, एक भाषाशास्त्राची पदवीधर आणि एक मुलगा साइनबोर्ड रंगवणाऱ्या घरातला आहे. चौघांना चार वेगळी कामं दिली असती तर ते एकमेकांच्या कामाला लांबून ‘छान’ म्हणाले असते. इथे चौघं ‘क’च्या गाठीवर भांडतात.

आणि भांडणांचा दर्जा! सर्वसाधारण स्टुडिओतली भांडणं आवडीनिवडीची असतात आणि म्हणून ती पदावर मिटतात. सरांना निळा आवडतो, संपलं. एकाच गोष्टीवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचं भांडण बारीक होत जातं आणि पुराव्यावर येतं. ‘हे जड दिसतंय’ असं कुणी म्हटलं तर पुढचा म्हणतो, ‘छोट्या आकारात छापून दाखव.’ छापलं जातं, भिंतीवर लागतं, चार पावलं मागे जाऊन पाहिलं जातं. लहानातल्या लहान पोराचं म्हणणं बरोबर निघू शकतं, आणि निघतं. मला वाटतं, नव्या माणसाला घडवायला याहून चांगली शाळा नाही.

र. कृ. जोशींचं उदाहरण मात्र मला जरा कोड्यात टाकतं. जे.जे.तून १९५६ साली बाहेर पडलेला हा माणूस १९८३ पर्यंत जाहिरातीत होता. आधी डी. जे. कीमर, मग उल्का. म्हणजे आमच्याच धंद्यात, जिथे साबणापासून पंख्यापर्यंत सगळं विकावं लागतं. कवी, सुलेखनकार, आर्ट डायरेक्टर, आणि डोक्यात सतत भारतीय लिप्या. मग आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अध्यापन आणि त्यानंतर आधी एनसीएसटी व पुढे सीडॅक नावाने ओळखल्या गेलेल्या सरकारी संगणक संस्थेत संगणकावरच्या भारतीय अक्षरांचं काम. विंडोजसोबत घरोघर पोचलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांचा. खरं सांगायचं तर मंगल मला कधी देखणा वाटला नाही. पण त्या काळच्या ढोबळ पडद्यावर जोडाक्षरं वाचता येतील अशी बसवणं हे काय काम आहे, ते मैत्रिणीच्या ऑफिसात बसल्यावर थोडं कळलं.

कोडं असं: इतकी वर्षं सगळ्या प्रकारचं काम केलेल्या माणसाने हे केलं, मग एकाच प्रांताचं एवढं कौतुक कशाला? माझं उत्तर असं की ते वेड एकट्याचं होतं तोवर एका माणसाच्या हातात होतं. त्याला विद्यार्थी, संस्था, सॉफ्टवेअरवाले सहकारी मिळाले तेव्हा ते देशाच्या कामाला आलं. आयआयटीच्या त्याच केंद्राने २००८ पासून टायपोग्राफी डे भरवायला सुरुवात केली. दरवर्षी अक्षरांवर काम करणारी माणसं जमतात आणि एकमेकांच्या कामातली खोट काढतात. जाहिरातीत बक्षीस समारंभ उदंड आहेत. खोट काढणारे समारंभ मला आठवत नाहीत.

आता मुंबईतल्याच ‘एक टाइप’बद्दल. २०१३ मध्ये सुरू झालेला हा भारतीय लिप्यांवर काम करणाऱ्या अक्षरकारांचा गट. त्यांचा ‘मुक्ता’ फाँट तुम्ही कुठल्या ना कुठल्या मराठी वेबसाइटवर नक्की वाचला असणार. अगदी बारीकपासून जाडजूडपर्यंत सात वजनांत, कुणालाही विनामूल्य वापरता येणारा. त्याची गुजराती, तमिळ, गुरमुखी भावंडंही आहेत. पण मला त्यांचा ‘बलू’ जास्त आवडतो. गोलमटोल, हसरी अक्षरं, एकेका भारतीय लिपीसाठी वेगळा फाँट, आणि नावं काय तर गुजरातीसाठी बलू भाई, बंगालीसाठी बलू दा, मल्याळमसाठी बलू चेट्टन, गुरमुखीसाठी बलू पाजी, तमिळसाठी बलू थंबी. ज्या त्या मुलखातला भाऊ. हा विनोद बाहेरून आलेल्या कुठल्या एजन्सीला सुचला असता, पण पेलला नसता. तो पेलायचा तर तमिळची वेलांटी आणि बंगालीची मात्रा यांना देवनागरीच्या दावणीला न बांधता सगळ्यांत एकच स्वभाव उतरवता यायला हवा.

त्यांचाच ‘मोदक’ पाहा. देवनागरीतला बहुधा सगळ्यात लठ्ठ फाँट असेल. अक्षरांच्या पोटातली पोकळी जवळजवळ उरलेलीच नाही, केसाएवढ्या पांढऱ्या रेघेवर अक्षर ओळखू येतं. असा वेडेपणा करायला अक्षर कुठवर ताणलं तरी तुटत नाही हे आधी माहीत असावं लागतं. एकच एक काम करणारी टीम साचेबद्ध होते, असा आक्षेप मी नेहमी ऐकते. साचेबद्ध लोक मोदक काढत नाहीत.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार गूढ काही नाही. पिच, म्हणजे काम मिळवायला द्यावी लागणारी सादरीकरणं, कमी होतात. दहा जणांत एक असताना दर पाडावा लागतो. ‘देवनागरीचं आहे ना, मग त्यांना विचारा’ असं झालं की फोन आपोआप येतात. पहिल्या एक-दोन वर्षांत मात्र ते येत नाहीत आणि तेव्हा मैत्रिणीने शिकवण्या केल्या, नवऱ्याच्या पगारावर घर चालवलं. हे प्रेरणादायी भाषणांत कुणी सांगत नाही म्हणून इथे नोंदवून ठेवते. शिवाय ‘नाही’ म्हणणं सोपं होतं. लग्नाचा व्हिडिओ कराल का असं विचारणाऱ्याला वाईटही वाटत नाही. उलट तो पुढे कधीतरी लोगो घेऊन येतो.

आता तोटे. कंटाळा हा पहिला. शिरोरेघेची जाडी आठवडाभर पाहत बसायला एक विशिष्ट पिंड लागतो, आणि सगळ्यांचा तो नसतो. एक फार गुणी मुलगी तिथून चार महिन्यांत बाहेर पडली. तिला रंग हवे होते, गोष्टी सांगायच्या होत्या. तिचं बरोबरच होतं.

दुसरा तोटा भयंकर आहे. प्रांतच पाण्याखाली जाऊ शकतो. आपल्या शहरांत एकेकाळी गल्लोगल्ली जुळारी होते. उलट्या खिळ्यांच्या ओळी डोळे मिटून लावणारी, डाव्या हातातल्या स्टिकवरचं, म्हणजे खिळे लावायच्या पट्टीवरचं, वजन ओळखणारी माणसं. फोटोटाइप आलं, संगणकावरची अक्षरजुळणी म्हणजे डीटीपी आलं आणि ते कौशल्य काही वर्षांत कवडीमोल झालं. त्यानंतर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीचे फाँट कोळून प्यालेल्या डीटीपी ऑपरेटरांची पिढी आली. कुठली इंग्रजी कळ दाबली की कुठलं जोडाक्षर येतं हे त्यांच्या बोटांत होतं. तीही विद्या ओसरली. ही माणसं आपल्या कामात कमी नव्हती. त्यांची खासियत यंत्राशी बांधलेली होती आणि यंत्र गेलं. मैत्रिणीच्या टीमची खासियत एका प्रश्नाशी बांधलेली आहे: देवनागरी वाचणाऱ्याला नीट आणि गोड कसं वाचता येईल? खिळा, फिल्म, पडदा, उद्या आणखी काही, प्रश्न तोच. कुठल्याही टीमने आपला प्रांत निवडताना यंत्र निवडतोय की प्रश्न, एवढं तपासून घ्यावं असं मला वाटतं. ‘आम्ही फक्त रील करतो’ म्हणणाऱ्यांची मला म्हणूनच काळजी वाटते.

तसं पाहिलं तर मराठी अक्षराच्या या प्रश्नाला मरण नाही. आजही कितीतरी ॲपमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श फाँटमध्ये दडवून ठेवलेला असतो, मजकूर मराठी आहे असं यंत्राला सांगितलं तरच तो बाहेर येतो, आणि ॲप बनवणारा ते सांगायला विसरतो. बटणांवर ‘नोंदणी’ची दुसरी वेलांटी वरून कापली जाते, ‘सुरू’चे उकार खालून. सर्वसाधारण स्टुडिओ अशा वेळी अक्षर लहान करून मोकळा होतो. मैत्रीण ॲपवाल्याला पत्र लिहिते, बटणाची उंची किती वाढवायची ते आकृतीसकट.

हल्ली त्यांच्याकडे शनिवारी दुपारी एक बिनपैशाचं काम चालतं. मोडी. २०१४ मध्ये मोडी लिपी युनिकोडमध्ये आली, पण तिचे फाँट बोटांवर मोजण्याएवढे, आणि नवा बनवायला पैसे देणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. देवनागरी इतकी वर्षं घोटल्यावर त्यांना मोडीची भूक लागली, एवढंच कारण. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिला खाली अक्षरं अडकवत जायचा. शब्द कुठे संपला हे रेघेवरून कळायची सोय नाही. फाँटमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची रेघ सोबत घेऊन येतं. मग दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलाही रेघ द्यायची का?

साइनबोर्डवाल्या घरातला मुलगा म्हणतो द्यायचीच, नाहीतर ती मोडी कसली. भाषाशास्त्रवाली म्हणते आजच्या वाचकाला शब्द सुटे दिसले नाहीत तर तो पहिल्या ओळीतच पळेल. संगणकवालीचं म्हणणं, दोन्ही ठेवू, वापरणाऱ्याला निवडू दे. त्यावर मैत्रीण भडकली. दोन्ही ठेवणं म्हणजे निर्णय टाळणं, असं तिचं मत. मागच्या शनिवारी मी गेले तेव्हा दोन्ही नमुने छापून भिंतीवर लावले होते आणि मला मोडी वाचता येत नाही म्हणून माझं मत कुणी विचारलं नाही.